खाडीचा काळा चिखल आणि ताटातली मासळी

नाणेघाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैशाखरे परिसरात पडणारा पाऊस ओढ्या-नाल्यांतून काळू नदीच्या खोऱ्यात उतरतो. शहापूरची भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हास पुढे वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. वाटेत या पाण्यात शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळते. ते खाडीच्या तळाशी काय घडवते, हा प्रश्न पर्यावरणाइतकाच आरोग्याचाही आहे.

सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतात. वनस्पतींसाठी हे खतच. म्हणून कल्याणजवळ उल्हासच्या पात्रावर जलपर्णी पसरते आणि खाऱ्या पाण्यात शेवाळ माजते. जिवंत शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र वापरते. खरी अडचण ते मेल्यावर सुरू होते. कुजका थर तळाशी बसतो आणि तो खाणारे जिवाणू चिखलातला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. ओहोटीला येणारा सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. लोहाशी त्याचा संयोग झाला की चिखल काळा पडतो. लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरसही सुटतो आणि नव्या शेवाळाला खत मिळते.

तळाशी राहणाऱ्या शिंपल्या, चिंबोऱ्या आणि कृमींना याचा पहिला फटका बसतो. शेतात गांडूळ जे काम करते, तेच हे जीव खाडीत करतात. त्यांच्या बिळांतून चिखलात पाणी आणि हवा खेळते. सल्फाइड पेशींचे श्वसनच रोखते. नाजूक जाती नाहीशा होतात, मोजके चिवट कृमी उरतात. बिळे करणारे गेले की चिखल आणखी गुदमरतो.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पण रोहित आले म्हणजे खाडी निरोगी, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्यांच्या खाद्यातले सूक्ष्म शेवाळ सांडपाण्यातल्या खतावरही पोसले जाते.

माणसासाठी गंभीर बाब पाऱ्याची. उल्हास खाडीच्या गाळात पारा असल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवले आहे. कॉस्टिक सोडा बनवण्याची पारा वापरणारी पद्धत मागे पडली, तरी गाळात बसलेला पारा आपोआप नाहीसा होत नाही. सल्फेट वापरणारे काही जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो कृमींतून छोट्या माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजार याच पाऱ्याचा. मज्जासंस्थेला, विशेषतः गर्भातल्या बाळाच्या मेंदूला, तो इजा करतो.

म्हणून मासे सोडावेत असे नाही. मासळी हा उत्तम आहार आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी बांगडा, तारली यांसारखे लहान, खुल्या समुद्रातले मासे निवडावेत. नाल्याच्या तोंडाशी गोळा केलेल्या शिंपल्या व कालवे टाळावीत. हे जीव पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे काविळीचे विषाणूही त्यांच्यात साठतात. नीट शिजवल्याने जंतू मरतात, पण पारा जात नाही.

चिखलातल्या वायूलाही कमी लेखू नये. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर २००९ मध्ये कुजलेल्या शेवाळात अडकून एक घोडा मेला आणि स्वार बेशुद्ध झाला. आपल्याकडे गटारात उतरलेल्या सफाई कामगारांचे जीव घेणाऱ्या वायूंत हाच प्रमुख आहे. जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज प्राणघातक ठरतो.

दरवर्षी जलपर्णी काढणे आवश्यक आहे, पण तो इलाज लक्षणांवरचा झाला. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत सोडण्याआधीच काढला पाहिजे. गाळ उपसण्यापूर्वी त्यातल्या धातूंची तपासणी हवी, कारण ढवळलेला गाळ धरून ठेवलेले विष पुन्हा पाण्यात सोडू शकतो. खाडीतल्या मासळीच्या नियमित तपासणीचे निकाल मराठीत जाहीर झाले, तर मासेमारी करणारा आणि ती विकत घेणारा, दोघांनाही आपल्या ताटात काय आहे ते कळेल.