कडेवरचं एक, पोटातलं एक

मंडळी, घरात दुसऱ्यांदा गोड बातमी आली की पहिला सल्ला ठरलेला असतो, "आता मोठ्याला उचलायचं नाही हं!" सासू सांगते, शेजारीण सांगते, फोनवरून आत्याही सांगते. सल्ला मायेचाच असतो. पण मग लेकरू उचलायचं कुणी, हे मात्र कुणीच सांगत नाही. माझं म्हणणं आहे ते यावरच.

आधी शास्त्राचं पाहू. गरोदरपण सरळ चाललं असेल तर दीड-दोन वर्षांचं लेकरू अधूनमधून उचलल्याने गर्भ पडतो, हा समज खरा नाही. सुरुवातीच्या महिन्यांतले निदान निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. त्याचं खापर आईवर फोडणं हा अन्याय आहे. मात्र या दिवसांत सांधे सैल पडतात, पोट पुढे आल्याने तोल बदलतो, पाठ भरून येते. वर्षाचं मूल साधारण 9 किलोचं, दोन वर्षांचं 12 किलोच्या आसपास. तेव्हा उचलायचं ते रीतीनं.

कमरेतून वाकू नये, गुडघ्यांतून वाकावं. एक गुडघा जमिनीला टेकला तर उत्तम. लेकरू छातीशी घट्ट धरावं, श्वास न कोंडता पायांच्या जोरावर उठावं, उठताना अंग पिळू नये. त्याहून सोपं म्हणजे आपण खाटेवर बसावं आणि त्यालाच मांडीवर चढू द्यावं. कडेवर घेतलं तर बाजू बदलत राहावी. पोटात दुखलं, रक्त दिसलं, अंगावरून पाणी गेलं, भोवळ आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लेकरू खाली ठेवून थेट दवाखाना गाठावा. वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका असेल किंवा आधी दिवस भरण्यापूर्वी बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलूच नये. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल आणि रक्तक्षय पुष्कळ. अशा बाईनं तर आधी तपासणी करून घ्यावी.

पण आपल्याकडची बाई नुसतं लेकरू कुठे उचलते? मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसात दिवसभर वाकून धानाची रोवणी, आणि बाराही महिने पाणी-सरपण. 15 लिटर पाणी म्हणजे भांडं सोडून 15 किलो झाले. डोक्यावर हे, कडेवर ते आणि पोटात तिसरं! मला वाटतं, कमी करायचं तर आधी डोक्यावरचं ओझं कमी करा. पाण्याचा हंडा नवऱ्यानं आणला तर पाणी काही आंबट होत नाही. हंड्याला कुणीही चालतं, लेकराला मात्र आई लागते.

आता मास्तर म्हणून एक सांगतो. आईनं लेकरू खाली ठेवलं की ते बहुतेक घरांत बापाकडे जात नाही, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जातं. धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या पोरी मी नोकरीभर पाहिल्या. त्याला आत घेतलं तर पोरगी बसायची, नाहीतर मोहाचा हंगाम संपेपर्यंत तिच्या नावापुढे गैरहजेरी. आईची पाठ वाचवायला पोरीची पाठ आणि पाटी दोन्ही जाणार असतील, तर तो सल्ला अर्धवटच म्हणायचा.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावं, अशी तरतूद केलेली होती. 2010-11 मध्ये आदिवासी भागात 'माहेरघर' योजना आली, त्यात बाळंतपणाआधी आरोग्य केंद्राशेजारी राहायला येताना धाकटं लेकरू सोबत आणायची मुभा ठेवली. ज्यानं हे सुचवलं त्याला मी शंभरपैकी शंभर देईन.

पण मातृ वंदना योजना पाहा. बुडालेली मजुरी थोडी भरून निघावी, बाईला विसावा मिळावा, हा तिचा हेतू. पहिल्या खेपेला 5000 रुपये. कडेवर लेकरू असतं ते दुसऱ्या खेपेला, आणि तेव्हा 2022 पासून 6000 रुपये मिळतात ते मुलगी झाली तरच, तेही बाळंतपणानंतर. विसावा हवा असतो त्या महिन्यांत हात रिकामेच! अंगणवाडीतली शाळाही तीन वर्षांपासूनची, आणि कडेवरचं लेकरू असतं तीनच्या आतलं.

म्हणून माझं मत असं. गावोगावी, निदान मोह-तेंदू आणि रोवणीच्या हंगामात, तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी पाळणाघर हवं. दुसऱ्या खेपेचे पैसे मुलगा-मुलगी न पाहता गरोदरपणातच हातात पडावेत. आणि हे होईल तेव्हा होवो, घरातल्या बापानं, आजोबानं, काकानं आजपासून लेकरू कडेवर घ्यावं. त्याला कुठला जीआर लागत नाही.

तेव्हा यापुढे कुणाला "उचलू नको" म्हणाल, तेव्हा आधी आपले हात पुढे करा. तुम्हाला काय वाटतं?