ओला केर आणि कोरडी अक्कल

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो आणि तिनेच काढलेला केर एका डब्यात कोंबून दाराबाहेर ठेवतो. पुढे त्याचे काय होते, याची चौकशी करीत नाही. आता पुढारी सांगतात, ‘चिंता नको, केर जाळू आणि वीज काढू!’ ऐकायला हे गोड आहे. पण मला पटत नाही.

ज्या आजीने चूल फुंकली आहे तिला विचारा. ओले लाकूड पेटत नाही, नुसते डोळे चुरचुरतात. आपल्या शहरांच्या केरात निम्म्याच्या आसपास साली, देठे आणि खरकटे. म्हणजे बरेचसे पाणीच. 1987 साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने अशी भट्टी उभी राहिली. रोज 300 टन केर खाऊन तिने पावणेचार मेगावॅट वीज द्यायची होती. किलोमागे 1,400 हून अधिक उष्मांक हवे होते. निघाले जेमतेम निम्मे. तीन आठवड्यांत भट्टी थंडावली!

कोणी म्हणेल, आता यंत्रे सुधारली. सुधारली असतील, पाण्याचा धर्म सुधारलेला नाही. ते आटवण्यातच उष्णता खर्च होते. शिवाय भट्टीला हवे असते सुके कागद-प्लास्टिक. नेमके तेच वेचून कित्येक बायाबापड्या पोट भरतात. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून घरोघरचा केर गोळा करते. अशांच्या तोंडचा घास काढून भट्टीला भरवायचा, याला मी प्रगती म्हणणार नाही.

मग केरातून इंधन नकोच काय? हवे, पण ओले जाळून नव्हे, कुजवून! होळकरांच्या इंदुरात 2022 साली रोज 550 टन ओला केर कुजवून वायू काढील, असा कारखाना सुरू झाला. तो वायू बसगाड्यांना चालतो, उरलेल्याचे खत होते. हे साधले, कारण तिथे घराघरांतून ओले निराळे आणि सुके निराळे निघते.

तेव्हा मंडळी, या कारखान्याची कोनशिला स्वयंपाकघरात बसते. फराळाचे खरकटे आणि झेंडूचे निर्माल्य एका डब्यात, मिठाईचा खोका दुसऱ्यात, एवढे ज्या घराला जमत नाही त्याने पुढाऱ्यांना नावे ठेवू नयेत. आणि दोन डब्यांचा केर एकाच गाडीत ओतताना ज्या नगरपालिकेला लाज वाटत नाही, तिने कोट्यवधींच्या भट्टीचे नाव काढू नये!