सिस्टरना वॉर्डात टिकवू या

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री बारानंतर कधी थांबून पाहा. खाटा भरलेल्या, मधल्या जागेत जमिनीवर गाद्या, आणि या साऱ्यांना सिस्टर एक, फार तर दोन. एकाची सलाईन संपत आलेली, दुसऱ्याला ऑक्सिजन लावायचा, तिसऱ्याचे नातेवाईक टेबलाशी येऊन आवाज चढवताहेत. त्यातच सकाळच्या राउंडआधी सगळ्या नोंदी लिहून व्हायला हव्यात. अध्यापन रुग्णालयातल्या सामान्य वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. वॉर्डात तो शोधून सापडत नाही.

नोकरी सोडते ती बहुधा आठ-दहा वर्षं काढलेली सिस्टर. मूल लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, ड्युटीची यादी आदल्या दिवशी हातात, आणि बदली सिस्टर आली नाही की डबल ड्युटी. कुणी आखातात जाते, कुणी घरी बसते. तिच्याबरोबर जाते तिची नजर. रुग्णाच्या ओठांचा रंग बदलला की मॉनिटरच्या आधी ओळखणारी, तान्ह्या बाळाची शीर पहिल्या प्रयत्नात शोधणारी. तिच्या जागी अकरा महिन्यांच्या करारावर नवी मुलगी येते. मन लावून शिकते, हात बसतो न बसतो तोच करार संपतो. मला हे नुकसान सगळ्यात मोठं वाटतं, कारण ते कुठल्याच अहवालात दिसत नाही.

प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. 1973 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या आणि तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला; त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 2015 मध्ये त्या गेल्या, तोवर त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. इतकी माया असलेल्या या बायकांना आजही कित्येक ठिकाणी कडी लागणारी चेंजिंग रूम मिळत नाही, याचा राग आपल्याला यायला हवा.

कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा बंधनकारक केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सांगितलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला किमान 20,000 रुपये द्यावेत. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये किती देतात, विचारून तर बघा.

हे विचारणं आता आपल्यालाच करावं लागेल. सिस्टरनी संपाचं नाव काढलं की त्यांच्यावर मेस्माची, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याची, टांगती तलवार असते. रुग्णाच्या नातेवाइकाला ती भीती नाही. तालुक्याच्या रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या सदस्यांना गाठा, आमदारांना भेटा, महिला मंडळांना, ज्येष्ठ नागरिक संघांना सोबत घ्या. येत्या 12 मे रोजी, परिचारिका दिनी, गुलाब घेऊन जाणारच असाल तर बरोबर सह्यांचं निवेदन न्या. रात्रपाळीला दुसरी सिस्टर, महिन्याची ड्युटी यादी आगाऊ, कडीची चेंजिंग रूम, पाळणाघर आणि रिकाम्या पदांवर कायमची भरती, एवढं त्यात लिहा. प्रत्येक मागणीपुढे तारीख मागा, आणि निवेदनाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय अधीक्षकांच्या दालनातून उठू नका.