जनुकाचा मुक्काम आणि खर्चाचा हिशेब

बोरघाटातून लोहमार्ग १८६३ साली धावू लागला. रूळ कोठून न्यायचे हे अभियंत्यांनी कडे-दऱ्या तपासून आधी ठरविले होते. पवईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी विकसित केलेल्या कार-टी उपचारात मात्र ही सोय नाही. रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत नवे जनुक पोचविणारा निरुपद्रवी केलेला विषाणू गुणसूत्रावर नेमका कोठे मुक्काम करील, हे आधी ठरविता येत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पॅरिस व लंडन येथे जन्मजात प्रतिकारशक्तिहीन अशा वीस मुलांवर जनुकोपचार झाले. त्यांपैकी पाच जणांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. पहिले उदाहरण २००२ साली उघडकीस आले. तेथील वाहक उंदरांच्या विषाणूपासून केलेला होता. तो जनुकांच्या आरंभस्थानाजवळ शिरे आणि शेजारच्या वाढीच्या जनुकास चेतवी. आजचे लेंटिव्हायरस वाहक बहुधा कार्यरत जनुकांच्या अंतर्भागात शिरतात व अधिक सुरक्षित मानले जातात. तथापि सुरक्षित म्हणजे निर्धोक नव्हे. रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार असलेल्या कुत्र्यांना दुसऱ्या जातीच्या वाहकाने जनुक दिल्यानंतर, दहा वर्षांपर्यंतच्या निरीक्षणात, यकृताच्या काही पेशींचे वंश वाढलेले आढळले. गाठ मात्र एकाही कुत्र्यात आढळली नाही. हे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले.

यावरून उपचार थांबवावेत, असे म्हणणे अविचाराचे होईल. इतर उपाय थकलेल्या रुग्णाला हा संभाव्य धोका पत्करणेच शहाणपणाचे ठरते. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते या देशी उपचाराचे लोकार्पण झाले. परदेशात कोट्यवधी रुपये लागणारा हा उपचार येथे सुमारे चाळीस लाखांत होऊ लागला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने चाळीस लाख ही किंमत अपुरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गुणसूत्रात शिरणाऱ्या वाहकांसाठी पंधरा वर्षांचा पाठपुरावा सुचविला आहे. तो खर्च देयकात दिसत नाही. मावळातल्या शेतमजुराने वर्षानुवर्षे मजुरी बुडवून, गाडीभाडे भरून तपासणीस जावे, ही अपेक्षा कागदावरच राहील. आणि तो आला नाही, तर त्याच्याबरोबर पुढच्या रुग्णांना उपयोगी पडणारे ज्ञानही हरवेल. ज्या माहितीचा लाभ सर्वांना होतो, तिचा भार एकट्या रुग्णावर टाकणे न्याय्य नव्हे.

म्हणून अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही असावी, तपासणी व प्रवासखर्चाची तरतूद उपचारापूर्वीच बाजूला काढली जावी, आणि तिचा भार उत्पादक व शासन यांनी वाटून घ्यावा. जनुकाचा मुक्काम आपल्या हाती नाही; त्यावर पहारा ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.