हृदय आणि ‘हृदोस्त’: एका खोट्या नात्याविषयी

चेक भाषेत अभिमानाला ‘हृदोस्त’ म्हणतात. स्लोव्हाकमध्येही शब्द जवळजवळ तोच. या भाषांत ‘र’ एकटाच स्वराचे काम करतो, म्हणून आपला ‘हृ’ येथे नेमका बसतो. आणि येथेच मोह होतो: हृदयातून उपजतो तो हृदोस्त!

हे नाते खोटे आहे. हृदयाचा खरा सोयरा चेकमधला ‘सृद्त्से’ हा शब्द होय. त्याचा अर्थही हृदय असाच. ‘हृदोस्त’मधला ‘ह’ मात्र मूळचा ‘ग’ आहे. मध्ययुगात, साधारण बाराव्या-तेराव्या शतकांत, चेकमध्ये ‘ग’चा ‘ह’ झाला. म्हणून रशियन ‘गोरा’ (डोंगर) तो चेक ‘होरा’, आणि रशियन ‘गोर्दी’ (अभिमानी) तो चेक ‘हृदी’. ध्वनिनियम न पाहता केवळ नादावरून कुळी जुळवणे हा इतिहास नव्हे, करमणूक होय. आपल्याकडे ती फार चालते.

खरी कथा अधिक रंजक आहे. जुन्या चर्च स्लाव्होनिक बायबलमध्ये हेच मूळ उद्धटांसाठी, ईश्वर ज्यांचा विरोध करतो त्यांच्यासाठी येते. स्लोव्हेनियनमध्ये ‘गृद’ म्हणजे चक्क कुरूप! चेकमध्ये मात्र याच कुळातून ‘हृदिना’, म्हणजे वीर, हा शब्द जन्मला. एकाच मुळाला एका घरी वीरपद, दुसऱ्या घरी कुरूपता.

मग चेकमधले पाप गेले कुठे? ते ‘पीखा’ या शब्दाकडे गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या क्रालित्से बायबलमध्ये (१५७९–१५९४) गर्विष्ठांसाठी याच कुळातले विशेषण आहे. त्याच्या मुळाशी फुगण्याची कल्पना आहे. आपणही गर्वाने फुगतोच. माझ्या मते, दोषाचा भार ‘पीखा’ने उचलल्यामुळेच ‘हृदोस्त’ला प्रतिष्ठेचा अर्थ धारण करता आला. रशियनांनी हीच सोय वेगळ्या रीतीने केली: ‘गोर्दोस्त’ अभिमान, तर ‘गोर्दीन्या’ अहंकार.

म्हणून ‘मूळ अर्थ तोच खरा अर्थ’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो मानला, तर राष्ट्राविषयी हृदोस्त बाळगणारा प्रत्येक चेक माणूस उद्धट ठरेल. आणि संतांनी टाकायला सांगितलेला ‘अभिमान’ आज मिरवणारे आपणही त्याच पंक्तीत बसू.