पोटरीचं दुखणं आणि सी.टी. अँजिओग्राफी

मैत्रिणींनो, थोडं चाललं की सासूबाईंच्या पोटऱ्या भरून येत. थांबलं की बरं वाटे. आम्ही वयावर ढकललं, चूक आमचीच! डॉपलर सोनोग्राफीत पायाची रक्तवाहिनी अरुंद दिसली. त्यात ना सुई, ना क्ष-किरण. नेमकं कुठे नि किती, हे पाहायला सी.टी. अँजिओग्राफी ठरली. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात. अंगभर ऊब पसरते, क्षणभर लघवी झाल्यासारखं वाटतं. हे घरीच सांगून ठेवा, नाहीतर म्हातारं माणूस संकोचानं घाबरतं. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी अशा औषधानं अंगावर पित्त उठलं असेल, तर न विचारताच सांगावं. आमच्या सासूबाईंना ते पित्त आठवलं टेबलावर निजताना! त्या दिवशी तसंच परत यावं लागलं.