पाणीपट्टीतला जंगलाचा रकाना

जुलै लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तुळशी भरला’, ‘विहार ओसंडला’ असे फोटो येऊ लागतात आणि सगळे हुश्श करतात. खरं तर मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत हे दोघे लिंबूटिंबू. शहराची तहान भागते ती भातसा, वैतरणा आणि तानसावर. तरी मला या दोघांचं अप्रूप आहे, ते त्यांच्या शेजाऱ्यामुळे.

शेजारी म्हणजे पवई. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, पवई त्यानंतर दहा-बारा वर्षांनी बांधलेला. तिघांवर पडणारा पाऊस एकच. पण विहार-तुळशीभोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल राहिलं आणि पवईभोवती टॉवर उभे राहिले. विहार-तुळशीचं पाणी आजही पिण्यासाठी शहरात येतं. पवईत सांडपाणी उतरतं, जलपर्णी माजते. ते पाणी प्यायच्या लायकीचं उरलेलं नाही.

जंगल वेगळं काही करत नाही. पावसाचा मार पानांवर झेलतं, पालापाचोळ्यातून पाणी मुरवतं, मुळांनी माती धरून ठेवतं. शुद्धीकरण पुढे करावंच लागतं, पण गाळ अडवायचं काम झाडांनी आधीच उरकलेलं असतं, तेही फुकटात.

हा फुकटचा हिशेब न्यूयॉर्कने नीट मांडला. १९९७ साली त्या शहराने कॅटस्किल डोंगरातल्या गावांशी करार केला. पाणलोटातल्या जमिनी विकत घेतल्या, शेण-खत ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे दिले आणि अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प टाळला.

आपल्याकडे तानसाभोवती अभयारण्य आहे, हे चांगलंच. पण ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईचं पाणी येतं, तिथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ज्यांच्या रानातून आपलं पाणी येतं त्यांचाच हंडा रिकामा असेल, तर ते रान राखायला त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

आपल्या पाणीपट्टीत जंगलाच्या नावाचा रकाना नाही. तो असावा, आणि त्यातला पहिला रुपया त्या पाड्यांच्या पाण्यावर खर्च व्हावा. त्यापायी सोसायटीचा मेंटेनन्स थोडा वाढला, तर मी तरी कुरकुर करणार नाही.